पसंतीक्रमाचं मतदान आणावं का? मोजणीच्या टेबलावरून उत्तर

प्रश्न असा आहे. सुमारे सहाशे सभासदांची एक संघटना. अध्यक्षपदाला दर वेळी चार-पाच जण उभे राहतात, मतं फुटतात आणि ३०-३५ टक्के मतं घेणारा निवडून येतो. बाकीचे पुढची निवडणूक येईपर्यंत ‘आमचा थोडाच आहे तो’ म्हणत राहतात. आता कोणी सुचवतंय पसंतीक्रम द्या, कोणी म्हणतंय आवडतील तितक्या नावांवर खूण करू द्या, कोणाला सरळ दुसरी फेरी हवी आहे. यातलं काय घ्यावं आणि कशात काय खोट आहे?

संस्था-संघटनांच्या निवडणुका चालवणं, नियमावली लिहून देणं आणि वाद झाला की फेरमोजणीला बसणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. त्यामुळे उत्तर आधी देतो, कारणं नंतर. अध्यक्षपदासाठी पसंतीक्रम घ्या. कार्यकारिणीच्या अनेक जागा एकदम भरायच्या असतील तर पसंतीक्रमाचीच कोटा असलेली पद्धत घ्या, ती वेगळी आहे. आणि मोजणीचे नियम उमेदवारी अर्ज येण्याआधी लेखी मंजूर करून घ्या. यातलं तिसरं जमणार नसेल तर पहिली दोन करू नका, जुनंच बरं.

पद्धत तशी सोपी आहे. मतदार नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितो. आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंतीची मतं मोजायची. कोणाला निम्म्याहून जास्त मिळाली तर प्रश्नच मिटला. नाही मिळाली तर सर्वांत तळाचा उमेदवार बाद करायचा आणि त्याच्या गठ्ठ्यातली प्रत्येक मतपत्रिका उघडून तिच्यावरच्या पुढच्या पसंतीच्या खणात टाकायची. कोणीतरी निम्म्यापलीकडे जाईपर्यंत हेच चालू ठेवायचं. मत एकच असतं, फक्त त्याची जागा बदलते. ‘काहींना दोन-दोन मतं मिळतात’ हा आक्षेप दर सभेत येतो. उत्तर असं की ज्याचा उमेदवार शर्यतीत आहे त्याचंही मत प्रत्येक फेरीत पुन्हा मोजलं जातंच, ते फक्त त्याच खणात राहतं.

आपल्याकडे राष्ट्रपतींची निवडणूक अशीच होते, पण दुसऱ्या पसंतीपर्यंत मोजणी गेली ती आजवर एकदाच, १९६९ साली. वैध मतांचं मूल्य होतं ८,३६,३३७, म्हणजे जिंकायला हवी होती ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५ वर थांबले, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ वर आणि चिंतामणराव देशमुख १,१२,७६९ वर. देशमुखांच्या मतपत्रिका वाटल्यावर रेड्डींनी मोठी उडी मारली, तरी गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर राहिले. पहिल्या फेरीतला जवळपास ८८ हजारांचा फरक शेवटी १५ हजारांच्या आत आला. आयर्लंडमध्ये १९९० साली तर निकालच फिरला. ब्रायन लेनिहन ४४ टक्क्यांनी पुढे, मेरी रॉबिन्सन ३९ च्या आसपास, ऑस्टिन करी १७. करी बाद झाले, त्यांच्या बहुतेक मतदारांनी दुसरी पसंती रॉबिन्सन यांना दिली होती आणि त्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. ‘पहिला आलेला हरला’ असं म्हणणारे असतात. पण पहिल्या आलेल्याला निम्म्याहून जास्त लोक नको म्हणत होते, हे फक्त जुन्या पद्धतीत दिसलं नसतं.

ही पद्धत नक्की कोणत्या दुखण्यावरचं औषध आहे ते ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात स्वच्छ दिसतं. १९१८ मध्ये स्वान मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. कामगार पक्षाच्या विरोधातली मतं आपसात फुटली आणि त्या पक्षाचा २२ वर्षांचा उमेदवार ३४ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन निवडून आला. सत्ताधारी घाबरले आणि त्याच वर्षी लोकसभेसारख्या तिथल्या कनिष्ठ सभागृहासाठी पसंतीक्रम आला. तत्त्वासाठी नव्हे, स्वतःची मतं फुटू नयेत म्हणून. मतदानाचे बहुतेक नियम असेच येतात, त्यात वाईट काही नाही. पण ‘मतं फुटणं’ या एका आजारावर हे औषध खरोखर चालतं. ज्याला जिंकण्याची आशा नाही असा चौथा-पाचवा उमेदवार उभा राहिला म्हणून निकाल उलटा होत नाही. त्याला मत देणाऱ्याचं मत फुकट जात नाही आणि ‘तू उभा राहू नकोस, आपली मतं कापली जातील’ हा दबावही उरत नाही. तुमच्या संघटनेत उमेदवारी मागे घ्यायला लावणारे फोन होत असतील तर एवढ्यासाठीही पद्धत बदलण्यासारखी आहे.

आता खोट. ती समजायला एक हिशेब हातानेच करून बघा, कागद घ्या.

१०० मतं, तीन उमेदवार. क ला पहिल्या पसंतीची ३८, ख ला ३३, ग ला २९. क आणि ख एकमेकांचे कट्टर विरोधक आहेत, ग मधला माणूस आहे. म्हणून क च्या सगळ्या मतदारांनी दुसरी पसंती ग ला दिली, ख च्याही सगळ्यांनी ग लाच दिली. ग च्या २९ पैकी २० जणांची दुसरी पसंती ख आणि ९ जणांची क.

जुन्या पद्धतीत क जिंकला. गंमत म्हणजे समोरासमोर लढत लावली तर क दोघांकडूनही हरतो. म्हणजे जुनी पद्धत तिघांतला सर्वांत नकोसा माणूस निवडून देते. पसंतीक्रमात तळाचा ग बाद होतो, त्याची मतं वाटली जातात, ख ५३ आणि क ४७. ख जिंकला. सुधारणा झाली यात शंका नाही. पण थांबा, ग आणि ख यांची सरळ लढत लावा: ग ला ६७, ख ला ३३. ग आणि क लावा: ग ला ६२, क ला ३८. जो कोणालाही समोरासमोर हरवतो तोच पहिल्या फेरीत घरी गेला, कारण तो सगळ्यांची दुसरी पसंती होता आणि पहिली पसंती पुरेशांची नव्हती.

हे नुसतं कागदावरचं नाही. अमेरिकेतल्या बर्लिंग्टन शहरात २००९ साली महापौरपदाला हेच झालं. पहिल्या पसंतीत कर्ट राइट २,९५१, बॉब किस २,५८५, अँडी मॉन्ट्रोल २,०६३. मॉन्ट्रोल बाद झाले आणि शेवटच्या फेरीत किस ४,३१३ विरुद्ध ४,०६१ असे जिंकले. मतपत्रिका नंतर तपासल्या तेव्हा दिसलं की मॉन्ट्रोल समोरासमोर किस यांनाही हरवत होते आणि राइट यांनाही. दुसऱ्याच वर्षी तिथल्या मतदारांनी पद्धत रद्द केली. आणखी दहाएक वर्षांनी नगर परिषदेच्या निवडणुकांसाठी ती परत आणली, तेही सांगायला हवं. अलास्कात ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीत तोच नमुना: मेरी पेल्टोला सुमारे ४० टक्के, सारा पेलिन ३१, निक बेगिच २८.५. बेगिच बाद झाले, पेल्टोला जिंकल्या, आणि समोरासमोरच्या हिशेबात बेगिच दोघींना भारी होते.

त्याच उदाहरणात अजून एक विचित्र गोष्ट लपली आहे. समजा प्रचाराच्या शेवटच्या दिवशी ख ने कमाल केली आणि क च्या १० मतदारांनी ख ला पहिली पसंती दिली. क २८, ख ४३, ग २९. आता तळाला क आहे. त्याची २८ मतं ग कडे जातात, ग ५७, ख ४३. ख ला दहा मतं जास्त मिळाली आणि म्हणून तो हरला! तेच दहा जण ख कडे न जाता नुसते घरी बसले असते तरी क २८ वर तळाला गेला असता आणि ग जिंकला असता, म्हणजे मतदानाला न आल्यामुळे त्यांना ख पेक्षा बरा निकाल मिळाला असता. सभेत हे गणित फळ्यावर मांडलं की शांतता पसरते. मी मुद्दाम मांडतो, कारण निवडणुकीनंतर कोणीतरी हुशार माणूस ते शोधून काढणारच. तेव्हा ‘हे आम्हाला सांगितलं नव्हतं’ असं होता कामा नये.

मग ही पद्धत मी तरीही का सुचवतो? कारण हा घोटाळा व्हायला तिन्ही उमेदवार जवळपास सारख्या ताकदीचे असावे लागतात आणि मधला थोडक्यात तळाला असावा लागतो. दोन मोठे आणि दोन-तीन छोटे अशी नेहमीची लढत असेल तर तो होत नाही, आणि बहुतेक संघटनांत लढती तशाच असतात. तुमच्याकडे तीन तुल्यबळ गट असतील, तर मात्र माझं उत्तर बदलेल.

तिथे मी समोरासमोरच्या लढतींची पद्धत बघायला सांगेन. फ्रेंच गणिती काँदोर्से याने १७८५ मध्ये मांडली तीच. मतपत्रिका तशीच, १, २, ३ लिहायची. मोजताना प्रत्येक जोडी वेगळी घ्यायची आणि सगळ्यांना हरवणारा विजयी. डेबियन हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प आपले प्रमुख याच कुळातल्या पद्धतीने निवडतो. अडचणी दोन. कधीकधी क ख ला हरवतो, ख ग ला आणि ग क ला, असं वर्तुळ होतं आणि ते सोडवायला आणखी एक नियम लागतो. दुसरी अडचण मोठी आहे: निकाल फळ्यावर समजावता येत नाही. पाच उमेदवार म्हणजे दहा लढतींचा तक्ता. गठ्ठे या खणातून त्या खणात जाताना हरलेल्या माणसाला डोळ्यांनी दिसतात आणि त्याचा निम्मा राग तिथेच जातो. तक्ता बघून राग जात नाही. ज्यांचे सभासद संगणकावर विश्वास ठेवतात त्यांनी खुशाल घ्यावी.

गुणांची पद्धत मात्र घेऊ नका. पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला चार, असं. काँदोर्सेच्याच काळातल्या बोर्दा याची ही कल्पना, स्पर्धेच्या परीक्षकांना छान आहे. वरच्या उदाहरणात पहिल्याला २ आणि दुसऱ्याला १ गुण दिला तर ग ला १२९, ख ला ८६, क ला ८५, अगदी बरोबर निकाल. पण निवडणुकीत लोक परीक्षक नसतात. तगड्या प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम शेवटच्या नंबरवर टाकतात, आणि आपल्याच गटाचे दोन-तीन डमी उभे करून गुणांचं गणित फिरवतात. एका संघटनेत दोन्ही गटांनी ही युक्ती एकाच वेळी केली. एकमेकांना तळाला ढकलल्यामुळे वर आला तो माणूस, जो फक्त यादी भरावी म्हणून उभा होता. त्याने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

‘आवडतील तितक्यांवर खूण’ ही पद्धत मला मनापासून आवडते, आणि तरी अध्यक्षपदासाठी मी ती सहसा सुचवत नाही. आवडते कारण मोजणी एका बैठकीत होते, मत अवैध ठरणं जवळपास अशक्य असतं आणि मधल्या माणसाचा बळी जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत महासचिवांच्या नावांची चाचपणी होते तीही प्रत्येक नावापुढे ‘प्रोत्साहन’, ‘परावृत्त’ किंवा ‘मत नाही’ अशी वेगवेगळी खूण करून. सेंट लुइस शहराने २०२० मध्ये महापौराच्या पहिल्या फेरीसाठी ती स्वीकारली, सर्वाधिक खुणा मिळालेले दोघे मग अंतिम लढतीत जातात. अडचण अशी की दुसऱ्या नावावर खूण करताना मतदार आपल्याच लाडक्याला पाडायला मदत करत असतो. हे त्याला लवकर कळतं. उमेदवारांना त्याहून लवकर कळतं, आणि मग प्रचार एकच उरतो: ‘फक्त माझ्यावर खूण करा.’ दोन-तीन निवडणुकांत बहुतेक मतपत्रिकांवर एकच खूण दिसायला लागते, म्हणजे तुम्ही फिरून जुन्या पद्धतीवर आलात. पसंतीक्रमात ही भीती नाही. तुमची दुसरी पसंती तुमचा पहिला उमेदवार बाद होईपर्यंत कोणी उघडूनही बघत नाही. सहलीचं ठिकाण, बैठकीची तारीख, पुरस्काराची छाननी, अशा ठिकाणी जिथे कोणी जिवावर उदार होऊन लढत नाही, तिथे खुणांची पद्धतच उत्तम.

दुसऱ्या फेरीबद्दल थोडक्यात. लोकांना पुन्हा विचार करायला वेळ मिळतो, दोघांची समोरासमोर तुलना होते, समजावून काही सांगावं लागत नाही. पण दोनदा बोलवावं लागतं आणि दुसऱ्यांदा लोक येतात याची खात्री नसते. शिवाय पहिल्या फेरीत मतं फुटायची ती फुटतातच. फ्रान्समध्ये २००२ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत शिराक १९.८८ टक्के, ल पेन १६.८६ आणि जोस्पँ १६.१८. डाव्यांची मतं इतक्या उमेदवारांत वाटली गेली की पंतप्रधान असलेले जोस्पँ बाहेर पडले आणि दुसऱ्या फेरीत शिराक ८२ टक्क्यांनी जिंकले. एवढ्या फरकाची अंतिम लढत म्हणजे पहिल्या फेरीने चुकीचा दुसरा माणूस पाठवला होता.

पसंतीक्रमाचा प्रचार करणारे एक वाक्य हमखास म्हणतात: ‘विजेत्याला बहुमत मिळतंच.’ हे अर्धं खरं आहे. ज्याने फक्त एकच आकडा लिहिला आणि त्याचा उमेदवार बाद झाला, त्याची मतपत्रिका पुढे कुठे जाणार? टेबलावर आम्ही तिला ‘संपलेली’ म्हणतो आणि वेगळ्या खणात ठेवतो. बहुमत मोजलं जातं ते उरलेल्यांचं. न्यूयॉर्कच्या २०२१ च्या महापौरपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत एरिक ॲडम्स शेवटच्या फेरीत ७,१९७ मतांनी पुढे होते, आणि तोवर सुमारे १ लाख ४० हजार मतपत्रिका संपलेल्या होत्या. अलास्कातही बेगिच यांच्या सुमारे ११ हजार मतदारांनी पुढची पसंती दिलेलीच नव्हती, आणि पेल्टोला यांची आघाडी साडेपाच हजारांच्या आतली होती. मग सगळे आकडे सक्तीचे करावेत का? ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ सभागृहासाठी तसंच आहे. त्याची किंमत म्हणजे दर निवडणुकीत साधारण पाच टक्के मतं अवैध, आणि काही लोक कंटाळून वरून खाली सरळ १, २, ३ लिहून टाकतात. तिथे त्याला ‘गाढवाचं मत’ म्हणतात आणि म्हणून मतपत्रिकेवरचा नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवतात. माझं मत: सक्ती नको. संपलेल्या मतपत्रिकांचा आकडा निकालपत्रावर ठळक छापा, तो लपवू नका.

प्रचार सभ्य होतो, कारण दुसऱ्याच्या समर्थकांकडून दुसरी पसंती मागायची असते, हाही दावा ऐकाल. तर्क पटण्यासारखा आहे. मी पाहिलेल्या निवडणुकांत भाषणं थोडी मऊ झाली, व्हॉट्सॲप ग्रुपांवरची भाषा तशीच राहिली.

आता त्या भागाकडे येतो ज्यावर पुस्तकं फारसं बोलत नाहीत आणि भांडणं मात्र तिथेच होतात.

एका व्यावसायिक संघटनेत पहिल्यांदाच पसंतीक्रम आणला होता. नियमावलीत दीड ओळ: ‘मतदान पसंतीक्रमाने होईल व बहुमत मिळवणारा विजयी घोषित करण्यात येईल.’ बस. मी मोजणीच्या दिवशी पोचलो. पेटी उघडली आणि पहिल्या वीस मतपत्रिकांतच कळलं की रात्र होणार. एकीवर नुसती बरोबरची खूण. एकीवर १, मग थेट ३. एकीवर दोन जणांपुढे २. एकीवर पहिला रकाना कोरा आणि खाली २, ३, ४. एकावर अक्षरी ‘एक’, ‘दोन’. प्रत्येक मतपत्रिकेवर उमेदवारांचे प्रतिनिधी आधी ती कोणाची आहे ते बघत आणि मग ती वैध की अवैध ते ठरवत. तिसऱ्या फेरीत तळाच्या दोघांची मतं सारखी निघाली. कोणाला बाद करायचं? नियम नाही. आणि फरक पडत होता, कारण एक बाद झाला असता तर त्याची मतं एकीकडे जाणार होती, दुसरा झाला असता तर दुसरीकडे. साडेअकरा वाजता चिठ्ठी टाकायचं ठरलं, पाण्याच्या ग्लासात. त्या चिठ्ठीने शेवटी अध्यक्ष ठरला. हरलेला उमेदवार मला आजही भेटला की ग्लासाची आठवण काढतो, आणि मी त्याला चूक म्हणू शकत नाही.

मोठ्या यंत्रणाही यातच पडतात. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये २०२२ साली शाळा मंडळाच्या एका जागेचा निकाल जाहीर होऊन प्रमाणित झाला आणि नंतर लक्षात आलं की पहिली पसंती कोरी असलेल्या मतपत्रिकांचं सेटिंग मोजणी यंत्रात चुकलं होतं. त्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती पहिल्याच फेरीत धरायला हवी होती, यंत्राने ती धरली नाही. बरोबर मोजल्यावर जिंकलेला वेगळाच निघाला आणि जागा त्याच्याकडे गेली. न्यूयॉर्कच्या त्याच २०२१ च्या निवडणुकीत चाचणीसाठी यंत्रात टाकलेल्या सुमारे १ लाख ३५ हजार मतपत्रिका काढायच्या राहिल्या आणि त्यांच्यासकट आकडे जाहीर झाले. त्याच रात्री ते मागे घ्यावे लागले. पद्धतीचा यात दोष नाही, पण फेऱ्या जितक्या जास्त तितक्या अशा जागा जास्त, आणि एका टेबलावरची चूक पुढच्या सगळ्या फेऱ्यांत उतरते. जुन्या पद्धतीत प्रत्येक केंद्र आपापला आकडा कळवतं आणि बेरीज होते. इथे सगळ्या मतपत्रिका एका ठिकाणी आल्याशिवाय तळाला कोण आहे तेच कळत नाही. सहाशे मतपत्रिकांना ही अडचण नाही, शाखा गावोगावी असतील तर आहे.

कार्यकारिणीबद्दल वर म्हटलं की तिथली पद्धत वेगळी, ते उलगडतो. पाच जागा आणि प्रत्येकाला पाच मतं असं ठेवलं तर ५१ टक्क्यांचा एकजूट गट पाचही जागा नेतो. त्याऐवजी प्रत्येकाला एकच मत, पसंतीक्रमाने, आणि जिंकायला कोटा. कोटा काढायचा असा: जागांत एक मिळवायचा, त्याने वैध मतांना भागायचं, अपूर्णांक सोडायचा आणि एक मिळवायचा. १०० मतं, ५ जागा: १०० भागिले ६ म्हणजे १६, अधिक १, कोटा १७. सहा जणांना सतरा-सतरा मतं मिळूच शकत नाहीत, हा त्यातला मुद्दा. एखाद्याला २५ मिळाली तर ८ अतिरिक्त, ती त्याच्या मतदारांच्या पुढच्या पसंतीकडे जातात. कोणती आठ? इथे घोळ होतो. वरचीच आठ उचलली तर नशिबाचा खेळ. बरी रीत म्हणजे पंचवीसच्या पंचवीस मतपत्रिका पुढे पाठवायच्या, पण प्रत्येकीचं मूल्य ०.३२ धरून. हाताने करता येतं, कॅल्क्युलेटर आणि संयम लागतो. या पद्धतीत १७ टक्क्यांच्या गटाचाही एक माणूस आत येतो, आणि आयर्लंडमध्ये लोकांना हेच आवडतं असं दिसतं: ही पद्धत काढून टाकण्याचा प्रस्ताव त्यांनी १९५९ आणि १९६८ अशा दोन्ही सार्वमतांत फेटाळला. तोटा असा की एकाच गटाचे उमेदवार एकमेकांशीच लढायला लागतात. तुमच्या कार्यकारिणीत आधीच तेढ असेल तर ती वाढेल.

कोणीतरी केनेथ ॲरो यांचं नाव काढेलच: १९५१ साली त्यांनी सिद्ध केलं की तीन किंवा जास्त पर्याय असतील तर पसंतीक्रमांवरून सामूहिक निर्णय काढणारी कुठलीही पद्धत सगळ्या वाजवी अटी एकदम पाळू शकत नाही. बरोबर आहे. त्यातून ‘मग जुनीच बरी’ असं निघत नाही, कारण जुनीही त्याच यादीत नापास आहे.

तर तुमच्या संघटनेसाठी असं करा. मागच्या निवडणुकीत उभे राहिलेल्यांची नावं घेऊन पुढच्या सभेत एक लुटुपुटूची निवडणूक घ्या, खऱ्या मतपत्रिकेसारख्याच कागदावर. ज्या तऱ्हेच्या चुका निघतील त्या सगळ्या नियमावलीत लिहून काढा: पहिली पसंती ओळखता आली तर मत वैध, आकडा गाळला तर पुढचा धरायचा, एकच आकडा दोघांपुढे असेल तर तिथपर्यंतचं मत चालेल आणि तिथून पुढे संपलेलं. तळाला बरोबरी झाली तर मागच्या फेरीत ज्याची मतं कमी होती तो बाद, सगळ्या फेऱ्यांत बरोबरी असेल तरच चिठ्ठी, आणि ती चिठ्ठी मोजणी सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर टाकून क्रम लिहून ठेवायचा. हे शेवटचं विसरू नका. कोणाचा फायदा होणार हे माहीत नसताना टाकलेल्या चिठ्ठीवर कोणी भांडत नाही.

मतपत्रिकेवर पाचहून जास्त पसंत्या मागू नका. मोजणीला रुंद टेबल, प्रत्येक उमेदवारासाठी एक ट्रे, ‘संपलेल्या’ आणि ‘अवैध’ असे दोन वेगळे ट्रे. प्रत्येक फेरीनंतर सगळ्या ट्रेंची बेरीज एकूण मतपत्रिकांशी जुळली पाहिजे. नाही जुळली तर पुढची फेरी सुरू करायची नाही, मग कितीही उशीर होवो.